काळप्रवासाचा रविवारचा वर्ग : फीच्या मानाने कसा आहे?

इंदूरच्या रामबागेकडच्या एका शिकवणीवर्गाने उन्हाळ्यात मोठ्या माणसांसाठी काळप्रवासावर चार रविवारांचा वर्ग ठेवला होता. फी ८०० रुपये, साठीच्या पुढच्यांना निम्मी. जाहिरातीत एक चकाकणारं यंत्र आणि खाली ‘चला भूतकाळात!’ ते वाचून गेलात तर हिरमोड होईल. ‘चला भविष्यात’ असं छापायला हवं होतं, कारण अस्सल माल तेवढाच आहे आणि सरांनी शिकवलाही तोच जीव ओतून.

पहिल्या रविवारी त्यांनी घड्याळाचा गोंधळ निस्तरला. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या हिशोबाने, इंदूर आहे ७६ च्या किंचित अलीकडे. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून साडेसव्वीस मिनिटांनी. जुने ज्योतिषी उज्जैनची रेखा शून्य धरत, तेव्हा ही तफावत जवळजवळ नव्हतीच. पण ही माणसांनी ठरवलेली सोय झाली. काळप्रवास म्हणायचा तर दोन घड्याळं शेजारी ठेवून जुळवायची, वेगवेगळ्या वाटेने फिरवायची आणि परत आणल्यावर त्यांच्यात फरक दिसला पाहिजे.

दुसरा रविवार मात्र पूर्ण पैसे वसूल. सरांनी सगळ्यांना तळहात आडवा धरायला लावला. म्हणाले, यातून आत्ता सेकंदाला साधारण एक म्यूऑन नावाचा सूक्ष्म कण आरपार जातोय. हे कण दहा-पंधरा किलोमीटर उंचावर तयार होतात आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. मग ते आमच्या हातापर्यंत आलेच कसे? प्रचंड वेगामुळे त्यांचं घड्याळ आपल्या मानाने हळू चालतं म्हणून. रोसी आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये कोलोरॅडोत वेगवेगळ्या उंचीवर मोजून हे दाखवलं. मग आले हाफेले आणि कीटिंग. त्यांनी १९७१ मध्ये आण्विक घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून जगभर फिरवली : पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ पुढे. फोनमधला नकाशाही याच हिशोबावर चालतो. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे थोडी हळू, पण उंचीमुळे त्याहून जास्त जलद चालतात, आणि एकूण रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात जागा दहाएक किलोमीटर चुकेल.

उंचावरचं घड्याळ जलद चालतं, हे २०१० मध्ये अमेरिकेत अवघ्या ३३ सेंटिमीटरच्या फरकावर मोजलं गेलं. माझी नोकरी बँकेत कॅश मोजण्यात गेली, त्यामुळे आकडा दिसला की गुणाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. एका मजल्याला वर्षाकाठी दहा नॅनोसेकंद निघाले. म्हणजे तळमजल्यावरच्या जाऊबाई तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्यापेक्षा हळू म्हाताऱ्या होताहेत. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, ‘वहिनी, मग लिफ्टचे पैसे कशाला भरता?’

पुराणातल्या ककुद्मी राजाची गोष्ट निघणार हे ठरलेलंच. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, परत आला तर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली. मागून कोणीतरी ‘बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणालंच. सरांनी वाद वाढवला नाही : गोष्ट सुंदर आहे, मोजमाप मात्र त्यात नाही. हे मला फार आवडलं.

आता तक्रार. तिसरा रविवार भूतकाळाचा. १९४९ मध्ये गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून फिरत्या विश्वाचं एक उत्तर काढलं, ज्यात पुढे जात जात माणूस स्वतःच्या भूतकाळात पोहोचू शकतो. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कृमिविवराचं, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्याचं, एक तोंड वेगाने फिरवून आणलं तर त्याचं कालयंत्र होऊ शकेल, फक्त ते उघडं ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागेल. आणि अशा यंत्रातून, ते तयार होण्याच्या आधीच्या काळात जाता येत नाही. हे सरांनी स्वतः फळ्यावर लिहिलं. मग चौथ्या रविवारी त्यांनी शास्त्रज्ञ हॉकिंगने काळप्रवाशांसाठी ठेवलेली पार्टी सांगितली : २८ जून २००९, केंब्रिज, निमंत्रणं पार्टी झाल्यावर जाहीर केली, कोणीच आलं नाही, म्हणून भूतकाळात जाणं अशक्य. सगळे हसले. अहो, पण २००९ च्या आधी यंत्रच नव्हतं तर येणार कोण? ती पार्टी झकास गंमत आहे, पुरावा नाही. मी हात वर केला, पण तोवर चहा आला होता.

त्याच चहापायी तत्त्वज्ञानाला वीसच मिनिटं उरली. भूतकाळात जाऊन आपल्याच आजोबांना मारायला निघालेल्या नातवाच्या कोड्यावर तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने १९७६ मध्ये दिलेलं उत्तर त्यांनी घाईत उरकलं. नेम चांगला, बंदूक भरलेली, म्हणून तो मारू ‘शकतो’. आजोबा त्या दिवशी मेले नाहीत हेही धरलं तर ‘शकत नाही’. दोन्ही खरं, कारण दोन वेळा हिशोबात वेगवेगळ्या गोष्टी घेतल्यात. पाय घसरेल, बंदूक अडकेल, काहीतरी होईल. यावर अख्खा रविवार द्यायला हवा होता. माझ्या शेजारचा कॉलेजचा मुलगा ‘मग आपल्या हातात काय राहिलं?’ असं विचारत होता, त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

खुर्च्या टणक, दिलेल्या झेरॉक्स फिकट, जिना अरुंद. हा वर्ग पुन्हा ठेवला आणि दहावीचं गणित आठवत असेल तर जरूर जा. दुसरा रविवार अजिबात चुकवू नका, आणि चौथ्याला हात चहाच्या आधी वर करा.