प्रीसेशनल की सोलापुरातली शिकवणी?

भाचीला इंग्लंडात एमएस्सीला प्रवेश मिळालाय. परवा विजापूर रोडवर चहा पिता पिता तिनं विचारलं, "मामा, विद्यापीठाचा प्रीसेशनल कोर्स करू, की इथंच सरांकडं इंग्रजीची शिकवणी लावू?" प्रीसेशनल म्हणजे मुख्य अभ्यासक्रम सुरू होण्याआधी विद्यापीठ घेतं तो इंग्रजीचा नि अभ्यासातल्या लेखनाचा वर्ग.

पैशाचं उघड आहे. प्रीसेशनलची फी पौंडात, वर तिथलं राहणं-खाणं. शिकवणी रुपयांत, आणि जेवायला घरी.

लेखनाचं प्रकरण जरा खोल आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला निबंध 40 मिनिटांत, किमान 250 शब्दांचा; त्यात संदर्भ द्यावे लागत नाहीत. तिकडं मात्र सगळी मांडणी दुसऱ्यांच्या लेखांवर तोलून करायची. तिचा मसुदा पाहिला: एका लेखातली दोन वाक्यं उचललेली, तीनचार शब्द तेवढे बदललेले. आपल्याकडं याला अभ्यास म्हणतात, तिकडं वाङ्मयचौर्य. ही खोड मोडायला मसुद्यामागून मसुदा तपासणारं कुणीतरी हवं. प्रीसेशनलमध्ये ते शिकवण्यातच येतं. इथल्या बहुतेक शिकवण्या बँडपुरत्या, म्हणजे आयईएलटीएसच्या गुणांपुरत्या.

बोलण्यात तर विचारूच नका. सरांसमोर ती घडाघडा बोलते, पण अडली की मराठीत सुटते. प्रीसेशनलमधल्या चिनी, अरब मुलांबरोबरच्या चर्चेत ती सोय नाही.

बँड थोडा कमी पडल्यानं प्रवेश अडला असेल, तर प्रीसेशनलच. अनेक विद्यापीठं तो उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा परीक्षा मागत नाहीत. बँड पुरेसा आणि कर्ज डोक्यावर असेल, तर शिकवणी. पण सरांना निबंध नव्हे, संदर्भांसकट मसुदे तपासायला सांगायचे. तिकडं गेल्यावर लेखनाची मदत बहुधा फुकटच मिळते.

भाचीचा बँड पुरेसा आहे. सोमवारपासून शिकवणी.