पलंगाला जोडायचा पाळणा : साडेपाच महिने वापरून झाल्यावर

धाकट्याच्या वेळी सिझर झालं. रात्री दर दोन तासांनी उठून पाळण्यापर्यंत जायचं या कल्पनेनेच टाके दुखायचे. म्हणून हा एका बाजूने उघडा असणारा, आपल्या पलंगाला चिकटवायचा पाळणा ऑनलाइन मागवला. नऊ हजार रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जी अडचण आली ती या प्रकारातल्या बऱ्याच पाळण्यांना येईल.

अडचण अशी, की पाळण्याचे पाय पलंगाखाली सरकवावे लागतात. आमचा पलंग बॉक्सचा, जमिनीपर्यंत प्लायवूड. पाय जाणार कुठे? गादी आणि पाळणा यांच्यात चार बोटांची फट राहिली. नवरा म्हणाला, दुपटं कोंबू. मी साफ नाही म्हटलं. लहान बाळ अशाच फटीत घसरतं, आणि तोंडाशी कापड आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. शेवटी सासूबाईंच्या खोलीतला जुना सागवानी, पायांचा पलंग आमच्याकडे आणि आमचा बॉक्स त्यांच्याकडे, अशी अदलाबदल केली. त्यासाठी बॉक्स रिकामा करावा लागला. गोधड्या, रुखवताची भांडी आणि दोन वर्षं हरवलेला पुरणयंत्राचा दांडा असं सगळं बाहेर निघालं. "तुम्हाला आम्ही खाली गादी घालून वाढवलं," एवढंच नवऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या आणि दांडा घेऊन गेल्या.

पलंग बदलल्यावर मात्र पाळणा फिट बसला. दोन पट्टे गादीखालून पलीकडे नेऊन आवळायचे. उंची सहा टप्प्यांत बदलते. आमच्या कापसाच्या गादीला चौथा टप्पा जुळला. कापूस दबतो, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा बघावं लागलं. आतली गादी पातळ आणि कडक आहे. आल्यागेल्याने "लेकराला टोचत असेल" म्हणून हळहळ केली, पण डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं : कडक गादी, पाठीवर झोपवायचं, आत उशी-पांघरूण काही नाही. आजेसासूबाईंनी शिवलेली मोहरीची उशी त्यामुळे कपाटात गेली. त्यावरून चार दिवस अबोला.

रात्रीचा उपयोग खराच. कुशीवर वळायचं, ओढून घ्यायचं, पाजायचं, परत सरकवायचं. बाळ आईबाबांच्या खोलीत असावं पण झोपायची जागा वेगळी असावी, निदान पहिले सहा महिने, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. हा पाळणा त्यासाठीच. आता खरं सांगते. कित्येक रात्री पाजता पाजता मलाच डोळा लागला आणि पहाटे तो माझ्याच कुशीत होता. डॉक्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, झोप येतेय असं वाटलं तर निदान सोफ्यावर पाजत बसू नका, ते जास्त धोक्याचं. पलंगावर पाजा, उशा-चादरी लांब ठेवा आणि जाग आली की लगेच त्याच्या जागेवर ठेवा. तेव्हापासून माझं पांघरूण कमरेवर गेलं नाही.

आमची थोरली चार वर्षांची. ती माझ्या दुसऱ्या बाजूला, पाय माझ्या पोटावर. "त्याला जाळीचं घर, मला का नाही?" हा प्रश्न रोज. तिला बाळाच्या बाजूला येऊ द्यायचं नाही, हा नियम पाळणं पाळणा जोडण्यापेक्षा अवघड गेलं.

तक्रारी दोन. सोबतची मच्छरदाणी उघड्या बाजूला झाकतच नाही, मग तिचा उपयोग काय? पलंगाला मोठी लावली. आणि गादीचं कव्हर एकच दिलंय. पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाही. मेणकापड घालून वर शिवून घेतलेली दोन कव्हरं वापरली.

बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की वापर बंद, असं पुस्तिकेत लिहिलंय. आमचं साडेपाच महिन्यांत उठलं. घ्यायचाच तर आधी पलंगाखाली हात घालून बघा, जागा आहे का ती. आमचा आता नणंदेकडे जातोय. तिचाही पलंग बॉक्सचाच आहे.