गणपतीच्या जागरणाला वाईट पिक्चर लावायचाय? तिघांतला कोणता?

मुंबईचे चाकरमानी घरी पोचले, आरत्या झाल्या, भजनी मंडळी उसळ-चहा घेऊन पुढच्या घरी गेली, की कुडाळ-मालवणकडच्या पडवीत एक वाद ठरलेला असतो: आजवर बघितलेला सगळ्यांत भिकार पिक्चर कोणता? 'गुंडा' (१९९८), 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी' (२००२) आणि 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) ही नावं निघतातच. मग जागरणाला यातलाच एक लावू, असं कुणीतरी म्हणतं. निवडताना घाई करू नका, कारण तिघांचा वाईटपणा सारखा नाही.

माझ्या लेखी खरा वाईट एकच, 'आग'. 'सत्या' करणारा दिग्दर्शक, हाताशी अमिताभ बच्चन, मोहनलाल, अजय देवगण, सुश्मिता सेन, आणि गोष्ट 'शोले'ची, म्हणजे आयती आणि पारखलेली. १९७५ मध्ये जय झालेले अमिताभ इथे गब्बरच्या जागी बब्बन आहेत. कल्पना केवढी चांगली! पण कॅमेरा अंधारात वेडेवाकडे कोन शोधत राहतो आणि बब्बनची दहशत शेवटपर्यंत बसत नाही. ठाकूरचे हात गेले होते, इथे मोहनलालच्या इन्स्पेक्टरची बोटं जातात. बदल एवढाच, आणि तोही लागत नाही. 'शोले'च्या हक्कांवरून खटला चालला आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १० लाख रुपयांची दंडात्मक भरपाई द्यायला लावली. एवढं सगळं हातात असताना वाया घालवलं, याचा मला अजून राग येतो.

'गुंडा'ला तळाशी टाकणारे म्हणतात, सेट नाही, पैसा नाही. कोकणातल्या माणसाने तरी असं म्हणू नये. दशावतारात एक बाकडं असतं, तेच सिंहासन आणि तेच सगळं. संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस आयत्या वेळी शब्दाला शब्द भिडवतात आणि आपण पहाटेपर्यंत हलत नाही. कांती शाह यांच्या या पिक्चरमध्ये खलनायक यमक जुळवत आपली ओळख करून देतात, आणि मुकेश ऋषी त्यांतला मुख्य खलनायक बुल्ला इतका मन लावून करतात की नजर हटत नाही. याचा दोष पैशाचा नाही, जिभेचा आहे. भाषा अचकट-विचकट, बायकांवरचे अत्याचार ओंगळ. आजी आणि पोरं आत झोपलेली असली तरी पडवीतला आवाज माजघरात जातो, हे लक्षात ठेवा. मित्रच असतील तर लावा. घर भरलेलं असेल तर अजिबात नको.

भरल्या घराला 'जानी दुश्मन'. राजकुमार कोहलींनी १९७६ मध्ये 'नागिन' केला होता, हीही तशीच सूडकथा: इच्छाधारी नाग मित्रांच्या घोळक्यातल्या एकेकाला गाठतो. सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी कॉलेजचे विद्यार्थी आहेत, सोनू निगमसुद्धा. अरमान कोहलीचा नाग हवं ते रूप घेतो. नागाच्या गोष्टी ऐकत वाढलेली म्हातारी माणसं यात खरोखर रमतात आणि नाग असं करीत नाही, तसं करतो, म्हणून चुका काढतात. "मेल्यांनू, ह्यो कसलो पिक्चर लावलात?" असं म्हणत शेवटपर्यंत बसतात. मुलीवरच्या अतिप्रसंगाचा आणि तिच्या आत्महत्येचा भाग मात्र पोरं जागी असतील तर न दाखवता पुढे पळवा.

पावसात लाईट जाते, त्या दृष्टीनेही हाच सोयीचा. मधला अर्धा तास बुडला तरी पुढच्या मित्राचा नंबर लागलेला असतो आणि गोष्ट कळते.

'आग'चा हट्ट कुणी धरलाच तर आधी 'शोले' लावू नका. दोन्ही लागोपाठ बघितले तर 'आग'ला कुणी अर्धा तासही बसणार नाही.