ओबीएसवर गेमचं रेकॉर्डिंग : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. गेमप्ले रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ मला पुरेसा आहे आणि मी तो बदलणार नाही. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१२ पासून सुरू आहे आणि व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही. पण आमच्याकडे बरेच जण एक-दोन अडखळणारे व्हिडिओ निघाले की तो काढून टाकतात, दुसरं सॉफ्टवेअर घेतात आणि तिथेही तेच होतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ओबीएस स्वतः सांगतो कुठे अडलं ते.

माझा डेस्कटॉप साधा आहे. रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम, गेमसाठी एसएसडी आणि व्हिडिओ ठेवायला जुनी हार्ड डिस्क. मॉनिटर १४४ हर्ट्झचा. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात गच्चीच्या अगदी खालची खोली, म्हणजे उन्हाळ्यात स्लॅब रात्री अकरालाही गरमच.

हिंगण्याला राहणारा माझा मावसभाऊ लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. त्याचा फोन आला, "दादा, गेम तर मक्खन चालते, व्हिडिओच अटकते." मी म्हटलं, "आधी स्टॅट्स पाह्य." स्टॅट्स म्हणजे ओबीएसची आकडे दाखवणारी खिडकी. ती उघडी ठेवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. तिच्यात तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंग लॅगमुळे गळलेल्या फ्रेम आणि नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम. तिसरा फक्त लाइव्ह स्ट्रीमचा. नुसतं रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्याकडे पाहायची गरज नाही. पहिल्या दोघांची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी, पण लोक दोन्हींना "लॅग" म्हणतात आणि रॅम घ्यायला बर्डीच्या बाजारात पोचतात.

एन्कोडिंग लॅग समजायला सोपा. एन्कोडर एक्स२६४ असेल तर व्हिडिओ दाबायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं आणि त्याच प्रोसेसरवर गेमही चालू असतो. जीटीए ५ सारखा प्रोसेसर खाणारा गेम असला की 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' ही सूचना खाली येणारच. सेटिंगमध्ये जाऊन एन्कोडर एनव्हेंक करा. एनव्हिडियाच्या कार्डवर या कामासाठी वेगळा भाग असतो, गेमचं चित्र काढणाऱ्या कोअरपासून स्वतंत्र. १६६० सुपरवर तो ट्युरिंग पिढीचा आहे आणि १०८० पीला ६० फ्रेम तो सहज काढतो. ज्यांच्याकडे इंटेलचा अंगचा ग्राफिक्स आहे त्यांना क्विक सिंक मिळतं, एएमडी कार्डवाल्यांना त्यांचा स्वतःचा एन्कोडर. हा बदल केल्यापासून माझा एन्कोडिंगचा आकडा शून्यावर आहे, त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

खरी डोकेदुखी रेंडरिंग लॅगची. ६० फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ओबीएसला गेमचं चित्र घ्यायचं, त्यावर तुमचा वेबकॅम आणि नाव बसवायचं आणि एन्कोडरकडे द्यायचं असतं. हे जोडकाम ग्राफिक्स कार्डाच्या त्याच कोअरवर होतं ज्यावर गेम चालतो. गेमला मोकळं सोडलं तर तो कार्ड ९९ टक्क्यांवर नेऊन ठेवतो आणि ओबीएस रांगेत उभा राहतो. म्हणूनच गेम मक्खन आणि व्हिडिओ अडखळता. कार्ड जितकं जोरात गेम पळवेल तितका व्हिडिओ बिघडेल, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

उपाय एकच टिकला. गेमच्या फ्रेमवर मर्यादा घालायची, म्हणजे कार्डात थोडी जागा उरते. आणि मर्यादेचा आकडा रेकॉर्डिंगच्या पटीत ठेवायचा. व्हिडिओ ६० चा असेल तर गेम ६० किंवा १२० वर. १०० ठेवलात तर ओबीएसला कधी एक फ्रेम सोडून, कधी लागोपाठच्या दोन फ्रेम उचलाव्या लागतात. स्टॅट्समध्ये शून्य दिसतं आणि तरी कॅमेरा फिरवताना चित्र झटके खातं. १२० वर प्रत्येक दुसरी फ्रेम समान अंतराने येते. व्हॅलोरंटमध्ये हा फरक मला पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये दिसला.

दुसरी मदत म्हणजे ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचा. विंडोज १० आणि ११ वर त्यामुळे त्याला कार्डावर अग्रक्रम मिळतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये एकदा टिक केलं की विसरून जा. एन्कोडरमधलं लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्यूनिंग हे दर्जासाठीचे पर्याय मी बंद ठेवतो, कारण ते गेमचेच कोअर वापरतात. आणि पूर्ण स्क्रीन उचलणाऱ्या डिस्प्ले कॅप्चरऐवजी फक्त गेम उचलणारं गेम कॅप्चर घेतो.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीत झकास चाललं. एप्रिल लागला आणि तीच सेटिंग, तोच गेम, पण तासाभरानंतर रेंडरिंगचा आकडा हलायला लागला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खोलीच तापलेली असेल तर कॅबिनेटचे पंखे गरम हवाच आत ओढतात. कार्ड तापलं की स्वतःचा वेग कमी करतं, आणि मोकळी ठेवलेली जागा अशीच निघून जाते. म्हणून होळीनंतर मी गेमची मर्यादा १२० वरून ६० वर आणतो आणि नवतपा संपून पाऊस पडेपर्यंत तशीच ठेवतो. गेममधली शॅडोची सेटिंगही एक पायरी खाली. व्हिडिओ बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये मळाचा थर बसतो आणि महिनाभरात तापमान उलट वाढतं. कूलरची हवा खोलीत फिरू द्या, खिडकी उघडी ठेवा आणि कॅबिनेट झोताच्या बाजूला सरकवा.

भावाच्या लॅपटॉपचं दुखणं निराळं निघालं. गेम एनव्हिडियावर चालत होता आणि ओबीएस इंटेलच्या ग्राफिक्सवर. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला 'हाय परफॉर्मन्स' दिलं, चार्जर लावूनच रेकॉर्ड करायला सांगितलं, काम झालं.

हार्ड डिस्कला मात्र लोक उगाच दोष देतात. ५० एमबीपीएसचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. जुनी डिस्कही एवढं लिहिते. फक्त गेम त्याच डिस्कवरून लोड होत असेल तर दोघांची ओढाताण होते. जागेचा विचार करा, कारण या वेगाने तासाला साडेबावीस जीबी जातात. मी सीक्यूपी २० वर रेकॉर्ड करतो, म्हणजे वेग ठरलेला नसतो, दर्जा ठरलेला असतो, त्यामुळे शांत दृश्यांना फाईल लहान राहते.

फाईल एमकेव्हीमध्येच ठेवा. साधी एमपी४ शेवटी बंद होताना पूर्ण होते. वळवाच्या वादळात वीज गेली की सगळं रेकॉर्डिंग हातचं जातं. एमकेव्ही तिथपर्यंत तरी वाचते आणि नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून, म्हणजे फक्त फाईलचा प्रकार बदलून, एमपी४ मिळते. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीपासून हायब्रिड एमपी४ आली आहे, तीही असा धक्का सोसते.

नाराजी एकाच गोष्टीची. पहिल्यांदा उघडल्यावर रेकॉर्डिंगचा दर्जा 'स्ट्रीमसारखाच' असतो, त्यामुळे नवख्याला धूसर व्हिडिओ मिळतो आणि तो त्यालाही लॅगच समजतो. हे बदलायला हवं.

आणि कूलरच्या घरघरीची काळजी करू नका. माइकवर नॉइज सप्रेशन लावून आरएननॉइज निवडा, ती जवळजवळ पूर्ण जाते. हा फिल्टर फक्त माइकवर असतो, म्हणून गेमच्या आवाजाला त्याचा धक्काही लागत नाही.