नवरा गेल्यानंतरचा बचत गट: सोबतीला उत्तम, कर्जाला जपून

बचत गटाकडे लोक कर्जाचं दुकान म्हणून बघतात. पण कर्ता पुरुष गेलाय, सोसायटीचं, सोनाराचं आणि सावकाराचं असं तीन ठिकाणचं देणं डोक्यावर आहे, अशा बाईच्या बाजूनं हे दुकान तपासलं तर हिशोब उलटा लागतो. कर्ज ही इथली दुय्यम चीज. खरा माल म्हणजे आठवड्याचा तो एक तास, आणि तहसीलला, बँकेत बरोबर येणाऱ्या दोन बायका.

परीक्षण आहे 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा 'माविम'च्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) छत्राखालच्या खेड्यातल्या गटांचं. १० ते २० बायका, आठवड्याला १० ते ५० रुपये बचत, पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या. 'फायनान्सचा गट', म्हणजे खासगी मायक्रोफायनान्स कंपनीनं कर्ज देण्यासाठी जमवलेला, ही वेगळीच जात, तिच्याबद्दल पुढे.

गट चांगला की नुसता कागदावरचा, हे दुःखाच्या घरी लगेच कळतं. नवी विधवा पहिले काही आठवडे बैठकीला येत नाही. घरचे येऊ देत नाहीत, तिलाही उंबरा ओलांडवत नाही. इकडे नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड आणि चुकलेले हप्ते साचत जातात. जाणता गट पहिल्याच आठवड्यात प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीत, ठराव लिहितो: दंड माफ, हप्ता तीन महिने पुढे. हे तोंडी ठरवून भागत नाही. लिहिलेलं नसलं की सहा महिन्यांनी तीच रक्कम थकबाकीत दिसते, बँकेचं कर्ज अडतं आणि मग सगळ्या तिच्याकडे बोट दाखवतात.

त्यापुढचे गट सतरंजी तिच्याच ओट्यावर टाकतात. तिथे 'देवाची मर्जी' वगैरे कुणी काढत नाही. त्या दिवशीची जमा तिच्या हातात मोजायला देतात. दहाच्या, वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून गड्डी लावायची, आकडा बोलायचा, सचिवानं लिहायचा. दोन-तीन बैठका हेच काम केल्यावर बाई आपणहून बोलायला लागते. सांत्वनापेक्षा हे बरं चालतं, कारण तिच्याकडे कोणी टक लावून बसलेलं नसतं.

कागदांच्या बाबतीत गटाला पैकीच्या पैकी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्यायच्या. मग मयताचं पासबुक भरून आणायचं आणि त्यात दोन आकडे शोधायचे: ४३६ आणि २०. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे २ लाख मिळतात, मृत्यू कशानंही झालेला असो (नव्या नोंदणीत पहिले ३० दिवस फक्त अपघाती). २० रुपये कापले असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, तो अपघाताचाच. तिथे पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दावा त्याच शाखेत. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू, सर्पदंशसुद्धा, असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे २ लाख वेगळे. तो प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर कुटुंब लाभ योजनेतून २० हजार एकरकमी. शिवाय संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार, त्यासाठी वार्षिक २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. ही यादी एकट्या बाईला झेपत नाही. एक बँकेत बरोबर जाते, दुसरी पोरं सांभाळते, सेतूतला माणूस तिसरीच्या ओळखीचा असतो. यालाच गट म्हणायचं.

सातबाऱ्यावरची वारसनोंद मात्र गटांच्या यादीत नेहमी शेवटी जाते. ती आधी हवी, कारण दीर आणि सासरे तोवर गप्प बसत नाहीत. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याचा हिस्सा बायको, मुलं-मुली आणि त्याची आई यांच्यात सारखा वाटला जातो. दीर त्यात येत नाही.

आता कर्ज. तेराव्याला उधारीची चिठ्ठी घेऊन दारात येणारा माणूस गावोगावी असतो. नवऱ्याच्या देण्यासाठी वारसाची जबाबदारी त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते. बाई स्वतः जामीन किंवा सहकर्जदार असेल तरच ती त्यापलीकडे बांधली जाते. म्हणून नव्या कागदावर सही नाही. मुदत संपलेलं कर्जसुद्धा फेडण्याच्या लेखी वचनानं पुन्हा जिवंत होतं. गटातल्या एखाद्या वयस्कर बाईनं त्या वेळी शेजारी बसून 'वर्षश्राद्धानंतर बघू' म्हटलं, तरी निम्मं काम झालं.

नेमकं इथेच चांगले गटही चुकतात. दया येऊन पहिल्याच महिन्यात ५० हजार देतात, बाई ते सावकाराच्या व्याजात घालते, मुद्दल तसंच राहतं. आधी वहीचं एक पान आखावं: कुणाचं, किती, व्याज काय, कागद आहे का, जामीन कोण. दोन महिने त्या पानाशिवाय काही करू नये. मग क्रम आपोआप दिसतो. महिना शेकडा पाचनं घेतलेले २० हजार म्हणजे दरमहा हजार रुपये नुसतं व्याज. वीस महिन्यांत २० हजार जातात आणि मुद्दल जागेवर. तेच गटाकडून शेकडा एकनं, घटत्या रकमेवर घेतले तर पहिला हप्ता १,२००, शेवटचा १,०१०, एकूण व्याज २,१००. पण गटाचे पैसे मुद्दल एका फटक्यात मिटत असेल तरच वापरावेत, आणि पावती व मूळ कागद हातात आल्यावरच. त्यानंतर सोनाराकडचं तारण, लिलावाच्या तारखेआधी. सोसायटीचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं, म्हणून ते शेवटी. मुदत मात्र चुकवू नये. सावकार बिनपरवान्याचा असेल आणि जमीन लिहून घेतली असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते. २०१४ च्या कायद्यात जमीन परत मिळण्याची तरतूद आहे.

फायनान्सच्या गटाला सोबतीचे गुण शून्य. तिथे बायका एकमेकींच्या जामीन असतात, त्यामुळे हप्ता चुकला की मैत्रिणीच दारात. एक गोष्ट मात्र तपासावी: कर्ज देताना बहुतेक वेळा नवऱ्याचाही विमा उतरवलेला असतो, म्हणजे तो गेल्यावर उरलेलं कर्ज त्यातून फिटू शकतं. कार्डावर ते लिहिलेलं असून बायका वर्षभर हप्ते भरत राहतात. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही त्याला ऐकवावा.

बचत गटाचे दोष कमी नाहीत. सासू-जाऊ त्याच गटात असली तर बाई तोंड उघडत नाही. तिला दुसऱ्या गटात घेणं हाच उपाय. हळदीकुंकवाला तिला वगळायचं आणि बैठकीत 'ताई, ताई' करायचं, हे अजून चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. गटाला तेवढंही जमत नसेल तर सोबतीचे अर्धे गुण इथेच कापावेत. आणखी एक, रात्ररात्र झोप नाही, 'आपण तरी कशाला राहायचं' अशी भाषा, याला गट पुरत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर मराठीत, चोवीस तास चालतो. गटातल्या कुणीतरी शेजारी बसून लावून द्यावा. घरातली फवारणीची औषधं त्या दिवशीच दुसरीकडे हलवावीत.

नव्यानं गट शोधणाऱ्या बाईनं व्याजाचा दर विचारण्याआधी प्रोसिडिंग मागावं. मागच्या चार बैठकांच्या सह्या एकाच शाईच्या, एकाच हाताच्या दिसल्या तर गट कागदावरचा. मग गटात आधी कुणाचा नवरा गेला होता ते विचारून त्या महिन्याचं पान काढावं. तिथे दंडाच्या माफीचा ठराव नसेल, तर शेजारच्या आळीतला गट बघावा.