पीकविम्याचं रडगाणं: याचिका समिती का कृषी स्थायी समिती?

यवतमाळकडचा एक भाऊ इचारत होता, लोकसभेच्या याचिका समितीकडं लिहू का संसदेच्या कृषी स्थायी समितीकडं. खर्च सारखाच, पंचनाम्याची झेरॉक्स अन् पोस्ट. मेहनत याचिकेत जास्त, मराठीत लिहिली तर हिंदी नाहीतर इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडा, अन् प्रकरण कोर्टात असंन तर घेतच नाहीत. पण ही १५ खासदारांची समिती मंत्रालयाकडून खुलासा मागवू शकते. स्थायी समितीत ३१, म्हणजे २१ लोकसभेचे अन् १० राज्यसभेचे, पण रोजच्या कारभारात ते पडत नाहीत, बजेटमधल्या मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या अन् बिलं तपासतात, सूचना मागवल्या तवाच आपल्या कागदाला वजन. शिफारस दोघींचीही सरकारवर बंधनकारक नाही बावा. गावभराचे क्लेम अडकले असतीन तर याचिका, योजनेचा नियमच बदलायचा असंन तर स्थायी समिती.