पाठीवरचे ब्लॅकहेड्स : आठ महिन्यांच्या उपचारानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला, तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या शिवणाऱ्या ताईंनी मागच्या गळ्याचे माप घेता घेता टेप खाली केली आणि दुकानातल्या इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "मॅडम, मागून बंद गळाच ठेवू या का?" मी हसून हो म्हटले. घरी आल्यावर मुलीकडून पाठीचा फोटो काढून घेतला आणि तो मोठा करून पाहिला, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळला. मानेखालपासून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांपर्यंत कारळे सांडल्यासारखे काळे ठिपके होते, मधूनमधून लाल पुटकुळ्या होत्या आणि जुन्या पुटकुळ्यांचे तपकिरी डाग तर मोजण्यापलीकडचे होते. चेहऱ्यावर एक पुळी आली तरी आरशासमोरून न हलणाऱ्या माझ्यासारखीला स्वतःच्या पाठीची ही अवस्था वयाच्या ४१व्या वर्षी दुसऱ्याकडून कळावी, याची लाज वाटली.

डॉक्टरांकडे जाण्याआधीचा महिना मी वाया घालवला, तो आधी सांगते. ब्लॅकहेड म्हणजे साचलेला मळ, अशी माझी पक्की समजूत होती आणि मळ म्हटला की घासणे आलेच. कोळशाचा म्हणून विकला जाणारा एक महागडा स्क्रब, लांब दांड्याचा ब्रश आणि रविवारी डाळीचे पीठ व आंबट दही, असा तिहेरी मारा तीन आठवडे केला. ठिपके होते तिथेच राहिले. पाठ मात्र सोलवटली आणि घाम आला की चुरचुरू लागली.

ठाणे पश्चिमेतल्या ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे अखेर गेले, त्यांनी भिंगाच्या दिव्याखाली पाठ पाहून पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हा काळा रंग मळाचा नव्हेच. रोमरंध्रात त्वचेच्या मृत पेशी आणि तैलग्रंथींतून पाझरणारा तेलकट पदार्थ यांचा बोळा बसतो. रंध्राचे तोंड उघडे असले की बोळ्याच्या टोकाला हवा लागून तिथले मेलॅनिन काळे पडते आणि तोंड बंद असले की तोच बोळा पांढरट पुळीसारखा दिसतो. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात, म्हणून हा उपद्रवही तिथेच जास्त. बाहेरून कितीही घासले तरी बोळ्याचे फक्त टोक छाटले जाते आणि चिडलेली त्वचा आपल्यासारख्या सावळ्या रंगावर महिनोन्महिने न जाणारा डाग सोडते. माझे निम्मे डाग असे माझ्याच हाताने पडलेले होते.

चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या. आंघोळीसाठी २ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचा वॉश, रात्री लावायला ०.१ टक्के अॅडापलीनचे जेल आणि लाल पुटकुळ्यांसाठी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, तेही एक दिवसाआड सकाळी पाच मिनिटे ठेवून धुऊन टाकायचे. सॅलिसिलिक अॅसिड तेलात विरघळत असल्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रात शिरू शकते, तर अॅडापलीन रंध्राच्या आतल्या पेशींची वाढ व गळ सुधारून नवा बोळा बनूच देत नाही. अॅस्पिरिनची अॅलर्जी आहे का आणि गरोदरपणाचा काही विचार आहे का, हे दोन प्रश्न त्यांनी लिहून देण्याआधी विचारले. अॅडापलीन गरोदरपणात टाळतात, हे ज्यांना लागू असेल त्यांनी लक्षात ठेवावे. आठ ते बारा आठवड्यांच्या आत फरक शोधायचा नाही, अशी ताकीद मिळाली. लग्न पाच आठवड्यांवर होते. बंद गळा कायम राहिला.

खरी अडचण मात्र मला घरी आल्यावर कळली: औषध पाठीवर पोहोचवायचे कसे? यजमान रात्रपाळीला, मुलगी अभ्यासात आणि सासूबाईंच्या हातांना संधिवात. हाताने लावले तर खांदे आणि कंबर यांवर थर बसे आणि फऱ्यांमधला भाग, जिथे सगळ्यात जास्त ठिपके, तो कोरडाच राही. वॉशसाठी शेवटी उपयोगी पडला तो घरातला जुना, विरलेला सुती पंचा. तो ओला करून त्याच्या मधोमध वॉश घालायचा, हाताने फेस करायचा, दोन टोके धरून पाठीवर तिरपा टाकायचा आणि न घासता नुसता दोनदा सरकवायचा. मग तीन मिनिटे तसेच थांबायचे. या तीन मिनिटांत मी दात घासते, कारण लगेच पाणी ओतले तर औषध गटारात जाते आणि पाठीला फक्त वास लागतो. जेलसाठी केकवर क्रीम लावायचा सिलिकॉनचा लांब चमचा घेतला. त्याच्या पात्यावर हरभऱ्याएवढे जेल दोन वेळा घेतले की पाठीच्या वरच्या भागाला ते पुरते. अंग पूर्ण कोरडे झाल्यावरच, म्हणजे आंघोळीनंतर सुमारे वीस मिनिटांनी ते लावावे. ओलसर अंगावर लावले त्या रात्री मला आग सहन झाली नव्हती.

पहिले दोन आठवडे काहीच घडले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून कोंडा पडावा तशी त्वचा सुटू लागली आणि पुटकुळ्या आधीपेक्षा वाढल्यासारख्या दिसल्या. या टप्प्यावर मी सोडून देणार होते. डॉक्टरांनी जेल रोजऐवजी एक दिवसाआड करून वर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावायला सांगितले आणि त्यावर निभावले. पार्लरमध्ये पाठीचे वॅक्सिंग करून देण्याचा आग्रह झाला, तो मी नाकारला. हे जेल चालू असताना वॅक्समुळे वरची त्वचा सोलून निघू शकते. दहाव्या आठवड्यात हाताला पाठ पहिल्यांदा गुळगुळीत लागली. तोवर ती किसणीसारखी होती हे मी विसरूनच गेले होते.

औषधांइतकाच, किंबहुना त्यांहून थोडा अधिक फरक आंघोळीचा क्रम बदलल्याने पडला, असे माझे मत आहे. माझे केस कमरेपर्यंत. लहानपणापासून शनिवारी रात्री खोबरेल तेल चोपडून वेणी पाठीवर सोडायची आणि रविवारी न्हायचे, ही रीत. म्हणजे आठवड्यातून एक अख्खी रात्र माझी पाठ तेलात मुरत असे. खोबरेल तेल रंध्रे बुजवणाऱ्यांपैकी आहे. आता तेल न्हाण्याआधी फक्त तासभर ठेवते, केस वर बांधून ठेवते, आणि आधी केस व कंडिशनर धुऊन, केस पुढे घेऊन, सर्वांत शेवटी पाठ धुते. पूर्वी उलटे चालायचे. स्वच्छ केलेल्या पाठीवरून कंडिशनरचा ओघळ जायचा. सासूबाईंना हे तेलाचे प्रकरण अजून पटलेले नाही.

दुसरा बदल प्रवासातला. मी ठाण्याहून घणसोलीला ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जाते आणि पाठीवरची सॅक ही चार वर्षांची सोबतीण होती. घाम, गरमी आणि पट्ट्यांचे घर्षण एकाच जागी रोज दीड-दोन तास, यातून पुटकुळ्या येणे हा त्वचाविकारातला ओळखीचा प्रकार आहे. ठिपक्यांची दाटी नेमकी पट्ट्यांच्या रेषेत होती, हे फोटोत स्पष्ट दिसत होते. गाडीत सॅक पुढे घ्यायचीच असते, मग पाठीवर ती फक्त जिन्यांपुरती का हवी? खांद्याला अडकवायची पिशवी घेतली आणि पॉलिस्टरचे कुर्ते फक्त हिवाळ्यापुरते ठेवले.

तक्रारीही आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइडने माझा गडद निळा टॉवेल, दोन उशांचे अभ्रे आणि एका नव्या कुर्त्याची मान यांवर नारिंगी-पांढरे चट्टे पाडले. हे औषध कापडाचा रंग उडवते. पांढरा टॉवेल वेगळा ठेवा. शिवाय वॉशची बाटली मला महिनाभरही पुरत नाही, कारण पाठ म्हणजे चेहरा नव्हे, आणि कंपन्या बाटल्या चेहऱ्याच्या हिशेबाने भरतात.

मे महिन्यात उकाडा वाढला आणि पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाज येणाऱ्या बारीक पुळ्या उठल्या. घरच्यांनी घामोळे म्हटले, मला वाटले जुनेच दुखणे परतले आणि मी जेल वाढवले. दोन्ही अंदाज चुकले. त्या पुळ्या त्वचेवरच्या यीस्ट या बुरशीमुळे केसांच्या मुळांशी येणाऱ्या होत्या. त्यांत ब्लॅकहेड नसतात आणि खाज असते, ही त्यांची खूण. केटोकोनाझोल या बुरशीनाशक शॅम्पूचा फेस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाठीवर ठेवून धुतल्यावर तीन आठवड्यांत त्या गेल्या. शेजारच्या औषध दुकानात याच पुळ्यांसाठी मला स्टेरॉइड मिसळलेले मलम पुढे करण्यात आले होते. ते घेतले असते तर खाज आठवडाभर दबली असती आणि यीस्टला रान मोकळे मिळाले असते.

आज, जुलैत, ठिपके साधारण तीन-चतुर्थांश गेले आहेत. उजव्या फऱ्याजवळचे दोन मोठे, जुने ब्लॅकहेड औषधाला दाद देत नव्हते. ते डॉक्टरांनी निर्जंतुक उपकरणाने काढले. घरी नखांनी दाबले असते तर तिथे खड्डा किंवा गळू झाले असते. डाग फिके होत आहेत, पण फार सावकाश, आणि उघड्या गळ्यातून ऊन लागते तिथे सनस्क्रीन विसरले की पुन्हा गडद होतात. आता जेल आठवड्यातून तीन रात्री आणि वॉश एक दिवसाआड चालू आहे. मार्चमध्ये सगळे बरे झाले समजून दोन आठवडे दोन्ही बंद केले होते, तर पट्ट्याच्या जुन्या रेषेत बारीक टोके पुन्हा दिसू लागली. अंतर्वस्त्राच्या हुकाखालची बोटभर जागा अजून हट्टी आहे. तिथे सिलिकॉनचा चमचाही नीट वळत नाही, म्हणून तेवढ्यापुरते मुलीचे अभ्यासातले एक मिनिट मागून घेते.